दोन टिंबांच्या मागे

"माझं अंजीर कुठं गायब केलंत?"

तिनं मान वर केली. दारात उद्यानाचे तरुण माळीबुवा उभे... बुटांना चिखल, चेहऱ्यावर काळजी. दोनशे झाडांची माहिती तो साध्या मजकुराच्या फाइलींत लिहून देत होता. उद्यानाच्या साइटसाठी, तयार कोडची एक लायब्ररी वापरून ती त्यांचं एचटीएमएल करत होती, म्हणजे वेबपानं.

"मी नाही, तुम्हीच केलंत," ती म्हणाली. "ओळीच्या सुरुवातीला दोन टिंबं कशाला देता? लायब्ररीला वाटतं, ही खासगी टीप आहे. ती ओळ पानावर येतच नाही."

"मी... विचार करताना देतो."

"मग फारच विचार करता बुवा!"

तो लाजला. तिला भारी मजा वाटली.

दुसऱ्या दिवशी बांबूच्या फाइलीत तळाला ओळ होती — '.. आज टिंबं मुद्दाम दिली आहेत. निळा रंग तुम्हाला शोभतो.'

पानावर अर्थातच काही नव्हतं. ती गालातल्या गालात हसली. मग रोज एका झाडाखाली एक ओळ, फक्त तिला दिसणारी. समोर आली की स्वारीची दातखीळ बसायची, फाइलीत मात्र धिटाई उतू जायची. चार महिन्यांत तो तिला मनापासून आवडायला लागला.

आणि शुक्रवारी — '.. ही शेवटची फाइल. सोमवारपासून मी डोंगरावरच्या रोपवाटिकेत. तुम्ही मला फार आवडता. तोंडानं सांगणं मला जमणार नाही.'

तिनं ती ओळ दोनदा वाचली. मग तिनं बाह्या सरसावल्या, दोन टिंबं खोडली, पान पुन्हा तयार केलं आणि त्याला बोलावून घेतलं.

"तपासा. पसंत पडलं तरच साइटवर चढवते."

त्याचे कान लालभडक झाले. "हे... हे दिसायला नको होतं! टिंबं दिली होती मी!"

"दिली होतीस. मी काढली."

"का?"

"किती दिवस लपशील त्यांच्यामागे? वाच आता मोठ्यानं. माझ्याकडे बघून."

त्यानं घसा खाकरला. "तू... तू मला... फार आवडतेस." अडखळला, पण शेवटपर्यंत पोचला.

तिनं कीबोर्ड पुढे ओढला, त्याच्या ओळीखाली एक ओळ लिहिली आणि पान परत उघडलं — 'मलाही तू. पुढच्या शनिवारी डोंगरावर यायचंय, बस कितीला असते?'

"सकाळी साडेसातला," तो म्हणाला, एकदाही न अडखळता.