रेघेच्या आत

आधीच सांगतो, ही घटना खरी आहे. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलेली. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल पुढे जावं, मी कोणाच्या विनवण्या करणार नाही. मावशी स्वतः हे कोणाला सांगत नाही. मी पिच्छाच पुरवला म्हणून तिने सांगितलं, तेही तिखटमीठ लावायचं नाही या अटीवर. म्हणून जसं ऐकलं तसं लिहितोय.

रात्र नव्हती. वीज गेली नव्हती. कुत्री रडत नव्हती.

शनिवारची दुपार होती, बाहेर डोळे दिपवणारं ऊन होतं, आणि जागा होती एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावरची सगळ्यात मागची खोली.

मावशी त्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. लकवा झालेल्या माणसांचे हातपाय पुन्हा चालते करणं हे तिचं काम. बोलायला फटकळ, पण पेशंटवर जीव. तिचा एक नियम आहे. पेशंटला जे स्वतः करता येतं ते आपण करून द्यायचं नाही. कोणाचं शर्टाचं बटण अडलं तरी ती हाताची घडी घालून बघत राहणार. नातेवाईक दात-ओठ खातात, ती ढिम्म हलत नाही.

आणि मग लकवा झाला तो तिच्याच नवऱ्याला.

काका पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. मशीनवर छापलेल्या पाट्या आल्या तरी ठरावीक गिऱ्हाइकं त्यांचीच वाट बघायची. एका सकाळी शिडीवरून उतरताना त्यांचा उजवा हात गेला. पडले नाहीत, लागलं नाही, नुसता हात गेला. त्या दिवसापासून त्या हाताला ते "लाकूड" म्हणायला लागले.

"लाकडाला कसला आलाय व्यायाम," असं म्हणून त्यांनी मावशीने दिलेला रबरी चेंडू खिडकीबाहेर फेकला. डाव्या हाताने.

शेवटी मावशी त्यांना आपल्या मागच्या खोलीत घेऊन गेली. तिथे व्हीआरचा हेडसेट होता. पेशंट त्याला "डबा" म्हणायचे. डोळ्यांवर चढवला की खोली नाहीशी, समोर दुसरंच जग. कोणाला बाग, कोणाला समुद्र. काकांना दिली एक मोठी कोरी भिंत आणि रंगाचे डबे.

यात एक गंमत असते. पेशंटने चांगला हात हलवला की डब्याच्या आत लुळा हात हलताना दिसतो. मेंदूला चकवायचं, म्हणजे तो विसरलेला हात पुन्हा आठवायला लागतो. काकांनी डावा हात उचलला आणि आतल्या भिंतीसमोर त्यांचा उजवा हात वर आला.

काका रडले. मावशीही रडली, पण ती म्हणते डोळ्यात काहीतरी गेलं होतं.

आता त्या रेघेबद्दल सांगायला हवं.

डबा सुरू करायच्या आधी रिमोट धरून जमिनीवर एक रेघ आखावी लागते. ती खरी रेघ नसते, फक्त डब्याला दिसते. त्या रेघेच्या आत पेशंटने काय हवं ते करावं. आत दुसरं कोणी आलं, तर डबा टिंग असा आवाज करतो आणि त्या माणसाची पांढरी आकृती पेशंटला दाखवतो. चुकून हात लागू नये म्हणून ही सोय. मावशी नेहमी रेघेबाहेर स्टुलावर बसायची. पेशंटला जे दिसतंय ते तिला हातातल्या टॅबवर दिसायचं.

काका यायच्या आधीपासूनच त्या खोलीत डबा विनाकारण टिंग करायला लागला होता.

रेघेच्या आत कोणी नसायचं...

तरी टिंग.

मावशीने पडदा बांधून ठेवला. टिंग. खिडकीतलं ऊन पडतंय म्हणून काचेला कागद लावला. टिंग. एक निवृत्त शिक्षिकाबाई तिच्याकडे उपचाराला यायच्या. एकदा डबा काढता काढता त्यांनी विचारलं, "काय हो, ते कोण बसलेलं असतं खाली? नवीन आहेत का?"

"हो, आमचे साहेब आहेत," मावशी हसून म्हणाली. "लक्ष ठेवायला बसवलेत."

शिक्षिकाबाई हसल्या नाहीत. पुढच्या वेळेपासून त्यांनी दुसरी खोली मागून घेतली.

आणि इथेच मावशीकडून चूक झाली. त्या आवाजाने पेशंट दचकतात, मध्येच थांबतात, सगळी लय बिघडते. म्हणून तिने सेटिंगमध्ये जाऊन ती सूचनाच बंद करून टाकली. हे काम करणारं कोणीही हेच करतं, ती म्हणते. आवाज थांबला, आकृतीही दिसेनाशी झाली, आणि ती विसरूनही गेली.

त्यानंतर काका त्या खोलीतल्या खुर्चीत बसायला लागले.

सुरुवातीला सगळं छान होतं. काका वेळेआधी तयार होऊन दारात उभे राहायचे. मग हळूहळू घरात त्यांचं लक्षच लागेना. जेवताना गप्प. खिडकीशी बसायची सवय होती, तीही सुटली. मावशीने विचारलं, बाहेर जरा चक्कर मारून येऊ या का. तर म्हणाले, "बाहेर काय आहे? तिथे रंग तरी खरे आहेत."

आम्ही सगळे चेष्टा करायचो. काकांना डब्याने वेड लावलं, मावशीला सवत आली म्हणायचो. मावशी हसण्यावारी न्यायची.

मग एक दिवस त्यांच्या हातून चहाचा कप पडला.

डाव्या हातातून...

चांगल्या हातातून.

मग बटण लागेना. मग दाराची कडी. मावशीने त्यांच्या पकडीची ताकद मोजली तर डावा हात दर आठवड्याला उतरत चाललेला. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या पुन्हा केल्या. मेंदू स्वच्छ, नसा स्वच्छ. "मनाचं असेल," डॉक्टर म्हणाले. मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. उजवा गेला होताच. डावाही गेला तर या माणसाला घासही भरवावा लागणार होता, आणि तिला माहीत होतं, तसं जगणं त्यांना एक दिवसही सोसलं नसतं.

काकांना मात्र त्याचं काहीच वाटत नव्हतं. "आत चांगला चालतो की हात," एवढंच म्हणायचे.

तो शनिवार.

काका खुर्चीत. डोळ्यांवर डबा. मावशी स्टुलावर. टॅबवर ती भिंत, आणि भिंतीवर रंगवत असलेला काकांचा उजवा हात. सरसर चालला होता. पूर्वीसारखा, किंवा पूर्वीपेक्षाही सफाईने. मावशीला भरून आलं.

मग तिने सहज टॅबवरून नजर उचलली.

काकांचा डावा हात मांडीवर पडलेला होता...

हलत नव्हता.

एक बोटसुद्धा हलत नव्हतं.

तिने पुन्हा टॅबकडे पाहिलं. आतला हात रंगवतच होता.

डावा हलल्याशिवाय आतला उजवा हलूच शकत नाही. हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. आणि तेव्हाच काकांनी मान डावीकडे वळवली, ओळखीच्या माणसाकडे बघावं तशी. हसले. डावीकडे रिकामी फरशी होती.

मावशीला ती बंद केलेली सूचना आठवली.

तिने सेटिंग उघडलं. सूचना चालू केली.

टिंग.

टॅबवर पांढरी आकृती उमटली. खुर्चीला खेटून जमिनीवर बसलेली. बाई की पुरुष, कळत नव्हतं. तिचे दोन्ही हात काकांच्या डाव्या हातावर होते, लहान मुलाचा हात धरून अक्षर गिरवून घेतात तसे.

मावशी सांगते, तिच्या पाचावर धारण बसली. पळावंसं वाटलं. दार उघडंच होतं, बाहेर कॉरिडॉरमध्ये माणसांचे आवाज येत होते. पण काकांना तिथे सोडून ती जाणार कुठे?

ती उठली आणि रेघेच्या आत गेली. काकांच्या डावीकडे, ते जिथे बसलं होतं बरोबर तिथे उभी राहिली. हवा नेहमीसारखीच होती. गार नाही, काही नाही. तिने हातातल्या टॅबकडे पाहिलं. आता दोन आकृत्या दिसायला हव्या होत्या.

एकच होती...

तिने हात वर केला.

आकृतीने केला नाही.

डब्याच्या हिशोबी त्या रेघेच्या आत काकांसोबत एकच जण होतं, आणि ती मावशी नव्हती.

"अहो," ती म्हणाली. "डबा काढा."

"नको गं. थोडंच राहिलंय."

"काय रंगवताय?"

"ही खोली. बघ ना, किती हुबेहूब झालीये."

तिने पाहिलं. भिंतीवर तीच खोली रंगवलेली होती. बांधलेला पडदा, कागद लावलेली काच, उघडं दार, खुर्चीत काका. रेघेबाहेर स्टूल. स्टूल रिकामं होतं, आणि मावशी चित्रात कुठेच नव्हती.

इथे माझ्या मावशीचं डोकं फिरलं. भीतीबिती गेली कुठच्या कुठे. ती म्हणते, इतकी वर्षं मी त्या स्टुलावर बसून लोकांचे हात परत आणले, आणि हे कोण टिकोजीराव मला चित्रातून काढणार?

काकांच्या डोक्यावरून डबा ओढून काढणं तिला एका क्षणात जमलं असतं. तिने हात पुढे केलाही. पण मग तिला वाटलं, आज आपण काढला तर उद्या हे पुन्हा आपणहून चढवतील. हे यांचं काम आहे, यांनीच करायला हवं.

तिने खाली वाकून त्यांचा उजवा हात धरला. लुळा हात, ज्याला ते लाकूड म्हणायचे. दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"हा कोणाचा आहे?"

काकांनी मान पुन्हा डावीकडे वळवली.

"मी विचारतेय. हा हात कोणाचा आहे?"

"तो मेलाय गं. सोड. इथे माझा हात चालतो."

"तो तुमचा नाहीये. तुमचा इथे आहे, माझ्या हातात. वाकडा आहे, गार आहे, पण तुमचा आहे. त्या आतल्या हाताच्या बदल्यात तुम्ही डावा देऊन बसाल. मी देऊ देणार नाही." मग मान वर करून ती त्या रिकाम्या जागेला म्हणाली, "तुलाही सांगते. ऊठ. माझ्या खोलीतून ऊठ."

टिंग.

टिंग टिंग.

मग आवाज थांबेचना. टॅबवर आकृतीची मान हळूहळू वर होत होती. चेहरा नव्हता. नुसती पांढरी कड. ती मावशीकडे वळली.

मावशीने नजर काढली नाही. टॅबवरचीही नाही, समोरच्या रिकाम्या हवेवरचीही नाही.

"हा कोणाचा आहे?" तिने तिसऱ्यांदा विचारलं.

मग काकांचा आवाज आला. रडवेला, चिडलेला.

"माझा आहे. माझाच आहे तो, कोणाच्या बापाचा नाही."

त्यांनी डावा हात उचलायला सुरुवात केली. तो उचलवत नव्हता. वर येई आणि कोणी दाबावा तसा पुन्हा मांडीवर पडे. मावशी बघत राहिली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिने हात लावला नाही. काका शिव्या देत होते. आयुष्यात ज्यांनी कधी शिवी दिली नव्हती ते काका, बोटांनी शर्टाला धरून, छातीवरून हनुवटीपर्यंत, इंच इंच हात वर सरकवत होते. शेवटी डब्याच्या कडेला बोट अडकलं.

डबा फरशीवर पडला.

आवाज बंद झाला.

खोलीत ऊन होतं. काका घामाने निथळत मावशीकडे बघत होते. "तू होतीस होय इथे," ते म्हणाले. "मला तर वाटलं, तू कधीच निघून गेलीस."

नंतर कंपनीचा माणूस डबा तपासायला आला. कॅमेरे ठीक, सॉफ्टवेअर ठीक. हॉस्पिटलने मावशीला वरच्या मजल्यावर खोली देऊ केली. तिने चक्क नकार दिला. अजून त्याच खोलीत बसते. सूचना कायम चालू ठेवते, आणि पेशंट यायच्या आधी स्वतः डबा चढवून रेघेच्या आत एक फेरी मारून येते.

"अजून आहे का ते?" मी तिला विचारलं.

"असेल तर असू दे," ती म्हणाली. "मी कशाला उठू? खोली माझी आहे."

काकांचा डावा हात महिन्याभरात ताळ्यावर आला. आता ते डाव्या हाताने पाट्या रंगवतात. अक्षरं अशी वाकडी की आम्ही चेष्टा करतो, आणि ते आम्हाला तितक्याच उत्साहाने हाकलून देतात. डब्याचं नाव काढलं तरी उठून खिडकीशी जाऊन बसतात.

एवढ्यावर मी थांबलो असतो. पण मागच्या रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे होतो. जेवण करून काका कोचावर झोपले होते. मावशी शेजारी बसून माझ्याशी बोलत होती. बोलता बोलता माझं लक्ष काकांच्या उजव्या हाताकडे गेलं...

बोटं हलत होती.

ब्रश धरल्यासारखी. सरसर, सफाईने.

मी मावशीला खुणेने दाखवलं. तिने पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"सुधारणा आहे," ती म्हणाली. "होतं असं कधी कधी. हात परत येतो."

असेलही. एवढी वर्षं हेच काम करतेय ती, तिला कळत असणार.

पण पेशंट हात हलवत असेल तर त्याला कधी धरू नये, हे तिनेच मला शिकवलंय. आणि माझ्यासमोर ती पुढे सरकली, काकांचा तो हात तिने दोन्ही हातांत घेतला, आणि बोटं थांबेपर्यंत, पांढरी पडेपर्यंत दाबून धरला.