कडेवर घ्यायचं औषध

वर्गकाने अण्णांची बनियन हे औषध असल्याचं जाहीर केलं, तेव्हा अण्णा उघडेच बसून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खात होते.

"बनियन औषध आहे की मी?" त्यांनी विचारलं.

"थांबा हो अण्णा, अजून सांगतंय ते," सुमेधा म्हणाली.

वर्गक म्हणजे मिक्सरएवढं यंत्र. भांड्यात काहीही टाकावं. त्यातला कोणता रेणू शरीरात काय करील, ते यंत्र सांगे. दोन वर्षांपूर्वी ही यंत्रं आली आणि सोलापूरकरांनी त्यात पहिली टाकली ती शेंगाची चटणीच. यंत्राने तिला 'भूकवर्धक' ठरवलं. एवढ्यासाठी यंत्र कशाला, असं सगळ्यांचंच मत पडलं. सुमेधा येमूल सरकारी औषध वर्गीकरण केंद्रात रसायनतज्ज्ञ होती, म्हणून रविवारपुरतं तिला ते घरी आणता आलं होतं. आणलं होतं ते मुलीसाठी.

इरा सहा वर्षांची. तिला आकडी यायची. तीन औषधं झाली, तिन्ही हरली. पण गेल्या सहा महिन्यांत एक गंमत झाली होती. दुपारी आजोबांच्या कडेवर, त्यांच्या घामट खांद्याला गाल लावून ती झोपली, की पुढचा सबंध दिवस निभावून जाई. कडेवर घ्यायचं तिचं वय नव्हतं. पण अण्णांनी चाळीस वर्षं यंत्रमागावरच्या चादरींचे गठ्ठे उचलले होते. त्या मानाने इरा म्हणजे हातरुमाल. शेजारीण म्हणाली, आजोबांची माया. सुमेधाची मायेबद्दल तक्रार नव्हती. तिला फक्त मायेचं रासायनिक सूत्र हवं होतं.

यंत्राने विचारलं, "देण्याचा मार्ग? तोंडावाटे, शिरेवाटे की त्वचेवाटे?"

"कडेवर," अण्णांनी परस्पर सांगून टाकलं.

सुमेधाने 'त्वचेवाटे' दाबलं. "औषधाच्या चार ओळखी असतात, अण्णा. रेणूची ठेवण कशी, ही पहिली. शरीरात तो कुणाच्या दारावर थाप मारतो, ही दुसरी. त्या दाराला आम्ही ग्राही म्हणतो. थाप मारून काय करतो, ही तिसरी. आणि कुठल्या आजारावर चालतो, ही चौथी."

"म्हणजे चेहरा, पत्ता, धंदा आणि गिऱ्हाईक."

"अगदी."

"आणि जात?"

"ती नाही."

"यंत्र नवीन आहे. शिकेल."

पडद्यावर ओळी उमटू लागल्या. ठेवण: आजवर नोंद नसलेली. ग्राही: मेंदूतल्या पेशींवरचा. काम: भडकलेल्या पेशी शांत करणे. आजार: आकडी. सुमेधाने ओठ घट्ट मिटले, नाहीतर ती ओरडलीच असती. मग पाचवी ओळ आली: पूर्वौषध.

"हे काय नवीन?"

"पोटात जातं तेव्हा ते वेगळंच असतं. शरीर त्याचं दुसरंच काही बनवतं. कापूस जातो, सूत निघतं..." बोलता बोलता ती थांबली. सूत तर निघालं होतं. मग कापूस कुठला?

यंत्राने तेही सांगितलं. हृदयाच्या ठोक्यांसाठी द्यायची एक पिवळी गोळी. अण्णांच्या यकृतात एक दुर्मीळ विकर होता, म्हणजे शरीरातला कारागीरच म्हणा. तो या गोळीचा नवा रेणू घडवत होता, आणि तो रेणू घामावाटे बनियनवर आणि इराच्या गालावर उतरत होता. यंत्राच्या नोंदीत हा कारागीर इतर कुणाकडे नव्हता, इराकडेही नाही. गोळी थेट तिला देऊन उपयोग नव्हता.

"अण्णा, ही गोळी डॉक्टरांनी चार महिन्यांपूर्वी बंद केली ना? मूत्रपिंडं जातायत म्हणून?"

"केली."

"मग?"

"डॉक्टरांनी केली. मी नाही केली. जुनी चिठ्ठी अजून चालते दुकानात."

त्यांनी हात धुतले आणि भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून तिच्यापुढे ठेवलं. दुधवाला आला नाही की त्या चौकोनात 'खाडा' लिहायची त्यांची सवय होती. इथे महिनेच्या महिने खाडा, खाडा, खाडा. मध्ये एक आठवडा तेवढा निराळा: पाच चौकोनांत पाच फुल्या.

"हे दुधाचं नाही," सुमेधा म्हणाली.

"आकडीचं आहे. आली नाही तो खाडा. हा आठवडा मी गोळी सोडली तेव्हाचा. तू रसायनशास्त्र शिकलीस, सुमे. मला कॅलेंडर वाचता येतं."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू गोळी बंद केली असतीस." अण्णांनी कॅलेंडरचा दुमडलेला कोपरा सरळ केला. "आणि नसती केलीस, तर ते तुला जन्मभर बोचलं असतं."

ती घाईघाईने बोलू लागली. "हा रेणू प्रयोगशाळेत बनवता येईल. महिन्याभरात."

"आणि पोरीला कधी देता येईल?"

"चाचण्या, परवानगी... सहा वर्षं."

"माझी मूत्रपिंडं किती चालतील?"

सुमेधाने त्यांचे अहवाल पाहिले होते. "ही गोळी घेत राहिलात तर वर्षभर."

"म्हणजे मधे पाच वर्षांचा खाडा," अण्णा म्हणाले.

वर्गक वाजला. 'मुख्य वर्ग निवडा: औषध / विष. पर्याय एकच.' निवडलेला वर्ग अण्णांच्या नावावर राज्यातल्या सगळ्या औषध दुकानांत नोंदला जाई. 'औषध' दाबलं, तर अण्णांना दर महिन्याला गोळी मिळत राहणार. 'विष' दाबलं, तर राज्यातलं एकही दुकान त्यांना ती देणार नाही. रेणू एक, गोळी एक, घर एक. एकाच्या रक्तात विष, दुसरीच्या रक्तात औषध. दोन उत्तरं यंत्राला चालत नव्हती, आणि उत्तर दिल्याशिवाय भांड्याचं झाकण उघडत नव्हतं. बनियन आतच अडकली होती.

सूचनेची चिकटपट्टी मात्र यंत्राने आधीच छापून दिली, कारण औषध असो की विष, मजकूर तोच. अण्णांनी ती लांब धरून वाचली. "'थंड व कोरड्या जागी ठेवा.' आता सोलापुरात कोरडी जागा हवी तेवढी. थंड कुठून आणायची?"

सुमेधा हसली नाही.

आवाजाने उठून इरा बाहेर आली. चिकटपट्टी दिसल्यावर ती हातात घेतल्यावाचून तिला राहवेना. पहिलीतल्या मुलीच्या जिद्दीने ती खालची ओळ एकेक अक्षर जोडत वाचू लागली.

"ल-हा-न मु-लां-पा-सू-न दू-र ठे-वा."

वाचता आल्याचा तिला फार आनंद झाला. तिने ती आजोबांच्या उघड्या पोटावर नीट चिकटवली, तळहाताने दाबली. मग अर्थ लक्षात आल्यासारखी ती एक फरशी मागे सरकली.

"एवढं दूर?"

अण्णांनी हात पुढे केले होते. सुमेधाचं बोट दोन्ही बटणांच्या मधोमध होतं. इरा आणखी एक फरशी मागे गेली.

"आई, सांग ना. अजून किती?"