लोरीनच्या पट्टीत

इमानी, तो फोन पालथा ठेव आधी. आणि तू रे, जरा पायरीवरून सरक, डासांनी काय एकट्या माझाच फडशा पाडायचा? हं.

व्हर्नेल मावशीचं गाणं तुम्ही ऐकलंय. तुम्हाला वाटतं, ती पहिल्यापासून तशी खर्जात गायची. नाही. त्यामागे एक रात्र आहे. ती मला मावशीनं सांगितली आणि माझ्या वडिलांनीही. दोघांच्या सांगण्यात तिळमात्र फरक नाही, आणि त्या दोघांचं दुसऱ्या कशावर म्हणून कधी पटलं नाही.

मावशी ओक्लाहोमातली. आई गोऱ्यांच्या घरचे कपडे धुवायची. मावशीचे हातही लहानपणापासून त्याच साबणाच्या पाण्यात. चर्चमध्ये गायची, तर गाणं शिकवणाऱ्या बाई तिला मागच्या रांगेत ढकलायच्या. "तुझा आवाज पोरीचा नाही गं, नांगरणाऱ्या गड्याचा आहे." एकोणिसाव्या वर्षी ती पळून कॅन्सस सिटीला आली. एका थिएटरात हौशी गायकांची स्पर्धा होती, ती जिंकली, आणि अ‍ॅम्ब्रोज मास्तरांनी तिला आपल्या बँडमध्ये घेतलं. माझे वडील त्या बँडची बस चालवायचे.

जागा रिकामी होती, कारण आधीची गायिका गेली होती. लोरीन. प्रवासात पोटात कळ आली. वडिलांनी बस दोन गावांतल्या दवाखान्यांच्या दारात उभी केली. दोन्हीकडे एकच उत्तर, काळ्यांसाठी खाट नाही. मागच्या सीटवर गेली पोरगी, चोवीस वर्षांची. वडिलांनी हे सांगताना दर वेळी शिवी दिली, आणि मीही देतो.

तर शनिवार, वीस नोव्हेंबर १९३७. मिझुरीतलं एक तंबाखूचं गाव. संध्याकाळी मावशी एका विधवा शिवणकरणीकडे झगा आणायला गेली. झगा लोरीनचाच. बाईनं शिवण उसवून लांबी सोडली होती.

"ती बुटकी होती, तू ताडमाड," बाई म्हणाली. "कापड पुरलं कसंबसं. गाणी पुरतात का?"

तेच तर मावशीचं दुखणं होतं. बँडचे सुरावटींचे सगळे कागद लोरीनच्या पट्टीत लिहिलेले. लोरीन टिपेला चढायची, चिमणीसारखी. मावशीचा गळा तिथं फाटायचा. मास्तरांना तिनं विचारलं होतं, पट्टी खाली आणता येईल का?

"झगा उसवता येतो पोरी," मास्तर म्हणाले, "चौदा जणांचं वाजवणं उसवायला मला सवड नाही. आज जमलं तर राहा. नाही जमलं तर उद्या सकाळच्या गाडीनं आईकडे."

म्हणजे पुन्हा ते साबणाचं पाणी. कायमचं.

नाच तंबाखूच्या गोदामात होता. मधोमध दोर बांधलेला. अलीकडे आपली माणसं, पलीकडे गोरे. गाणारी पोरगी रिवाजाप्रमाणे बँडच्या पुढ्यात खुर्चीवर, हसऱ्या तोंडानं, आपल्या एका कडव्याची वाट बघत. दोन गाणी मावशीनं कशीबशी ओढली. ट्रंपेटवाला फिलमोर कुजबुजला, "मांजर ओरडतंय, आत घ्या कुणीतरी." सगळे फिस्कन हसले. मावशी पण हसली. हसायचंच असतं तिथं.

मग मागून कुणीतरी ओरडलं, "लोरीनचं गाणं!"

दोराच्या दोन्ही बाजूंनी तीच हाकाटी सुरू झाली. लोरीन गेल्यापासून ते गाणं बँडनं वाजवलं नव्हतं. पियानोवाल्या टबीनं मान हलवली. "मास्तर, नको. अजून महिना नाही झाला."

"लोक मागतायत," मास्तर म्हणाले, आणि बोटं वाजवली.

मावशी उठली. माइकपाशी गेली. पहिलं कडवं निभलं. मग ती वरची जागा आली. तिनं श्वास घेतला, तोंड उघडलं...

आवाज नाही.

हाताला साबणाचा वास आला, असं ती सांगायची. संपलं सगळं, असं वाटलं.

आणि आवाज आला.

उंच. स्वच्छ. टिपेचा. तिच्या तोंडून नव्हे. मागून. खुर्चीकडून.

नाचणारे थांबले. अलीकडचे... मग पलीकडचेही. बँड वाजवत होता, पण कुणी खुर्चीकडे बघेना. फिलमोरच्या डोळ्यांतून पाणी चाललेलं. कडवं संपलं.

आवाज संपला नाही.

पुन्हा पहिल्यापासून. मग पुन्हा. मास्तरांनी हात खाली केला, थांबा. कुणालाच थांबता येईना. टबी ओरडला, "माझी बोटं... मास्तर, माझी बोटं!"

मावशी तिथंच. ओठ हलत नव्हते तिचे. समोरचे लोक मात्र तिच्याकडेच बघत होते. त्यांना वाटत होतं, हीच गातेय. आणि तिला कळलं. गप्प राहिलं तर नोकरी टिकेल. उद्याही टिकेल. रोज रात्री ही उभी राहील, झगा घालून... आणि गाईल ती.

गार पडली होती ती. तरी वळली. खुर्चीकडे.

काय दिसलं?

ते तिनं कधी सांगितलं नाही. मी खूप विचारलं.

"ताई," ती म्हणाली, "तुमचं फार वाईट झालं. पण मला अजून जगायचंय. मला गाऊ द्या."

...

मग तिनं गायला घेतलं. आपल्या पट्टीत. खाली, अगदी खाली, नांगरणाऱ्या गड्याच्या आवाजात. दोन सूर एकमेकांवर घासत राहिले. वडील दारात होते. म्हणाले, दात शिरशिरले. टबीनं डोळे मिटले आणि कागद सोडून कानानं तिच्यामागे गेला. मग सॅक्सोफोन. मग फिलमोर. एकेक जण खाली उतरला. वरचा आवाज एकटा पडला... बारीक झाला...

थांबला.

गोदाम दणाणलं टाळ्यांनी. मास्तर घाम पुसत एवढंच म्हणाले, "यापुढे याच पट्टीत." मावशी राहिली. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. पण त्या रात्री ती पुन्हा खुर्चीवर बसली नाही. उरलेला वेळ पियानोला टेकून उभीच होती.

त्या गाण्यानंतरच्या मध्यंतरात गोदामवाल्यानं नाचताना पाय सरकावेत म्हणून मक्याचं पीठ भुरभुरलं, थेट स्टेजवर खुर्चीपर्यंत. सगळं आटोपल्यावर वडील खुर्ची उचलायला गेले. हात लावायच्या आधीच थबकले.

खुर्चीसमोरच्या पिठात एका पावलाची खूण होती. बाईच्या बुटाची, लहानशी. टाच जागच्या जागी रुतलेली, आणि चवड्याखालचं पीठ उडून फळी उघडी पडलेली, तासभर कुणी ठेका धरावा तशी. तिथपर्यंत यायच्या खुणा नव्हत्या. जायच्याही नव्हत्या.

आणि खुर्चीचं तोंड लोकांकडे नव्हतं. पियानोकडे वळलेलं होतं, मावशी जिथं उभी राहून गात होती, तिकडे.