तीन सह्या

हे माझ्यासोबत घडलंय. विश्वास ठेवायचा नसेल तर ठेवू नका. डॉक्टरेट घेऊन सात वर्षं तासिका तत्त्वावर राबणाऱ्या माणसाला भुतं रचायला वेळ नसतो.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. पौडच्या पुढे एका खासगी विद्यापीठात वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाची एक जागा निघाली होती. मी भुकूमला भाड्याच्या खोलीत राहतो. इथे नाही लागलो, तर उरवड्याच्या कारखान्यात जायचं, हे मी घरी सांगून टाकलं होतं.

दुपारचे अडीच. मुलाखतीच्या खोलीबाहेरच्या बाकावर मी एकटाच. दुसरा उमेदवार मनीष शेजारी संचालकांच्या केबिनमध्ये चहा पीत बसला होता. जागा कुणाची ते कळलंच. तरी मी उठलो नाही. इतका निर्लज्ज झालो होतो मी.

शिपाई कोंडिबा हजेरीचा कागद घेऊन आला.

"सर, तीन उमेदवारांच्या सह्या पायजेत. न्हाईतर मुलाखत रद्द. ढमाले मॅडम काय यायच्या न्हाईत. त्यांची बी तुमीच करा. हितं कोण बघतंय?"

ही मुलाखत आधी दोनदा रद्द झाली होती. मी मुकाट्याने माझी आणि त्यांची, दोन्ही सह्या ठोकल्या.

पाच मिनिटांनी आतून पुकारा झाला, "डॉ. गौतमी ढमाले!"

आता काय सांगायचं?

पण... दार उघडलं.

वारा अजिबात नव्हता. दार हळूच बंद झालं. आत खुर्ची सरकली...

"प्रबंधाचा विषय सांगा."

शांतता...

"बरं. पुढे?"

पुन्हा शांतता...

दहा मिनिटं हेच चाललं होतं. मग दार उघडलं. बाहेर कुणीच आलं नाही.

माझं नाव पुकारलं.

आत तीन परीक्षक. दोघांची मान कागदात, एकाची मोबाइलमध्ये. मी बसलो. एसी सुरू होता, तरी खुर्ची... उबदार होती.

मी जीव तोडून बोललो. एकानेही वर पाहिलं नाही. तीन मिनिटांत "या तुम्ही."

उठताना अध्यक्ष शेजाऱ्याला म्हणाले, "आधीच्या मॅडमची तयारी चांगली होती."

बाहेर कोंडिबा भिंतीला टेकून उभा होता. चेहरा पांढराफटक.

"मामा, आत कोण होतं?"

"कोण असनार? मॅडमला जाऊन दोन वर्सं झाली, सर. सहा येळा आल्या हुत्या मुलाखतीला. लागल्याच न्हाईत. त्यांचा जुना अर्ज हाय, त्योच घालत्यात यादीत... तीन भरायला."

आठ दिवसांनी निकाल लागला. निवड, मनीष. प्रतीक्षा यादीत पहिली, डॉ. गौतमी ढमाले.

त्याखाली माझं नाव नव्हतं.

खरं सांगू? तेव्हा भीती नाही वाटली. संताप आला. मेलेल्या बाईचा मला हेवा वाटला.

भीती परवा वाटली. मी आता कारखान्यात आहे, अर्ज करणं सोडलंय. आणि त्याच विद्यापीठाची मुलाखतीसाठीची नवी यादी आलीय. तीन नावं आहेत.

त्यातलं एक माझं आहे... आणि जावं की नाही, मला अजून ठरवता येत नाहीये.