गाडीखालून येणारी टकटक

हे मी रचून सांगत नाही. रचायला डोकं ताजं लागतं, आणि माझं गेल्या वर्षापासून पार शिणून गेलंय.

मी गॅरेजवाला माणूस. भुताखेतांपेक्षा मला गंजलेल्या बोल्टची भीती जास्त वाटायची.

घडलं ते मास्तरांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. रात्री नाही, भर दुपारी.

शेडमध्ये मास्तरांची जुनी मोटार होती, त्यांच्या लग्नाच्याही आधीची. मास्तरीणबाई अंथरुणाला खिळलेल्या. डॉक्टरांनी हात टेकले होते. बाईंचं मागणं एकच, या गाडीतून एकदा चक्कर मारायची.

आणि इंजिन बंद.

पार्ट मागवले, बसले नाहीत. पुन्हा मागवले, तेही परत गेले. इंजिनावरची पाटी एक सांगत होती आणि आतला ऐवज दुसराच होता. हे गाडीचं मूळचं इंजिन की मध्येच कुणी बदललेलं, ते मास्तरांनाही ठाऊक नव्हतं.

पार्टवाला वैतागला. "मिस्त्री, पाटी कुणीही बदलतं. लोखंडावर ठोकलेला नंबर आणा."

"तो सापडला असता तर तुमचं तोंड बघायला कशाला आलो असतो?" मी म्हणालो.

दादानं तो शोधला असता. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. गॅरेज आमचं दोघांचं. तो कायम गाडीखाली, मी वर बॉनेटपाशी. ठोकाठोकीत एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून आम्ही पान्यानं लोखंडावर टकटक करायचो. एक टक म्हणजे इथं बघ. दोन म्हणजे फिरव. तीन म्हणजे थांब, माझा हात आत आहे. ही खूण आमच्या दोघांतच होती.

गेल्या वर्षी दादा तापानं गेला. तेव्हापासून वरही मीच आणि खालीही मीच.

त्या दुपारी मी इंजिन पुसून पुसून थकलो होतो. नंबर काही दिसेना. कंबर मोडली होती. टेकून जरा डोळे मिटले...

टक.

वाटलं, मास्तर आले. डोळे उघडले. शेडमध्ये कुणी नव्हतं.

टक...

आवाज गाडीखालून येत होता.

मी वाकून पाहिलं. खाली नुसती धूळ होती. धुळीवर एकही ठसा नव्हता.

टक...

डायनॅमोच्या मागून. डायनॅमो उतरवला. मागे वर्षानुवर्षांचं काळं ग्रीस साचलेलं. पण एका जागी ते कुणीतरी बोटांनी पुसलं होतं.

नुकतंच.

त्या जागेवर खडू घासला. पांढरे आकडे वर आले.

अंगावर काटा आला, आणि खरं सांगतो, रडूही आलं. मी हळूच म्हणालो, "दादा?"



त्या नंबरावर मागवलेले पार्ट अगदी नेमके बसले. इंजिन मूळचंच होतं. वरचं झाकण तेवढं पाटीसकट दुसऱ्या गाडीचं.

मग तो दिवस आला. मास्तरीणबाईंना खुर्चीसकट उचलून आणलं, मागच्या सीटवर उशा लावून बसवलं. केसांत फूल माळलं होतं त्यांनी. मास्तर चाकामागे बसले. मी उघड्या बॉनेटपाशी.

"करू का रे सुरू?" मास्तरांनी विचारलं.

मी मान हलवणार, तेवढ्यात...

टक. टक. टक.



"मास्तर, थांबा!"

मास्तरांना कमी ऐकू येतं. शिवाय घाई झालेली. त्यांनी बटण दाबलंसुद्धा.

इंजिन पहिल्याच झटक्यात लागलं. काय आवाज होता... एकदम मऊ, एकसारखा. बाईंनी डोळे मिटले आणि हसल्या. मास्तर मान वळवून त्यांच्याकडेच बघत राहिले.

त्या दोघांसमोर मी काय बोलणार? बॉनेट लावलं. गाडी फाटकाबाहेर गेली.

रिकाम्या शेडमध्ये मी गुडघ्यांवर बसलो. गाडी उभी होती तिथली जमीन हातानं चाचपली. काही नव्हतं. तेलाचा थेंबसुद्धा नाही.

चक्कर मारून आल्यावर बाईंनी माझा काळा हात हातात घेतला. म्हणाल्या, "बाळा, सुखी राहा."

आता सगळे म्हणतात, मिस्त्रीनं पुण्याचं काम केलं. मी हो हो म्हणतो. त्यानंतर खालून कधी काही वाजलं नाही. रोज कान देऊन थांबतो, कामं तशीच पडून राहतात.

वहिनी जेवायला वाढताना विचारते, "भावजी, जेवण का जात नाही तुम्हाला?"

तिच्या नवऱ्याच्या हाताला लागलं असेल का, हे तिला कसं विचारू?