दुपट्ट्याचं टोक

दूध आणायला मी रोज हर्षाला घेऊन अमरावती रोड ओलांडते. काल पलीकडच्या इंदूबाई दुकानाच्या पायरीवरून ओरडल्या, "काहून वं सरिता, ट्रक अंगावर येऊन राहिला अन् तू वरातीतल्या नवरीवाणी चालून राहिली? पोरगी हाय न संगं!"

मी नुसती हसले. काय सांगणार? जे झालं ते मी हर्षाच्या पप्पांनाही पुरतं सांगितलेलं नाही.

आमची वाडी म्हणजे शहराच्या टोकाची गोदामांची वस्ती, इथे ट्रकांचा भरवसा नाही. कोणत्या गोदामातून कधी कोणता उलटा येईल, कळत नाही. माझ्या दोन्ही हातांत पिशव्या असतात. म्हणून हर्षा चालायला लागली तेव्हापासून मी तिला एकच शिकवलं आहे. माझ्या दुपट्ट्याचं टोक मुठीत धरायचं आणि आई म्हणेपर्यंत सोडायचं नाही. उन्हाळ्यात डोक्याला, तोंडाला दुपट्टा गुंडाळला की मला फक्त समोरचं दिसतं. पण पाठीमागे टोक ताणलेलं असलं की समजायचं, पोरगी आहे. वळून पाहायचं कामच नाही.

यंदा मे महिन्यात यांना ट्रान्सपोर्टच्या मालकाने सुट्टी दिली आणि आम्ही तिघं कोकणात गेलो. हर्षाला समुद्र दाखवायचा होता. तिथे समुद्राला लागून सरकारी राखीव जंगल आहे. फाटकातून आत शिरायचं, पायवाटेने डोंगर चढायचा आणि पलीकडे उतरलं की किनारा. निघताना सासूबाईंनी बजावलं होतं, "लेकराचं तोंड बांधजो वं. खिशात कांदा ठेवजो. ऊन लागन." मी दोन्ही केलं. तिथलं ऊन आपल्यासारखं कोरडं नाही, हे आम्हाला कुठे माहीत? दुपट्ट्यात नुसता घाम. हर्षा सारखी कुरकुरत होती.

समुद्र पाहून झाला. परत चढायला लागलो तेव्हा दुपार डोक्यावर होती. झाडी इतकी दाट की ऊन खाली पोचत नव्हतं, पण वाराही नव्हता. कुजक्या पाल्याचा वास, आणि आपल्याच श्वासाची वाफ तोंडावर. हे पुढे, मी मागे. माझ्या एका हातात ओले कपडे, दुसऱ्या हातात डब्यांची पिशवी. हर्षा मागे टोक धरून.

एका वळणावर माझ्या चपलेचा अंगठा निघाला. खाली बसून मी त्याला पिन लावत होते. यांनी पुढून काहीतरी हाक मारली, मी लक्ष दिलं नाही. उठले, पिशव्या घेतल्या आणि मागे न पाहता म्हटलं, "धर."

टोक ताणलं गेलं. मी चालायला लागले.

थोड्या वेळाने मागून आवाज आला, "आई, हळू चाल न वं."

आवाज घोगरा होता. मला वाटलं, तोंडावरच्या कापडामुळे. मी खेकसले, "गप चाल. तुझ्यासाठीच आलो न एवढ्या दूर?"

"तहान लागली…"

मी बाटली खांद्यावरून मागे दिली. घटाघट पिण्याचा आवाज आला. बराच वेळ आला. बाटली परत आली तेव्हा रिकामी होती. पप्पांसाठी घोटभरही ठेवलं नाही म्हणून मी तिला आणखी बोलले.

मग ती म्हणाली, "घरी जाऊन राहिलो काय आपण?"

"हो. घरीच."

"मले पण नेशीन न?"

मी थकले होते, चपलेची पिन पायाला टोचत होती. म्हटलं, "नेतो न बाई. सोडू नको फक्त."

एक गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती. आम्ही समुद्राकडे पाठ करून चढत होतो. लाटांचा आवाज मागे पडायला पाहिजे. पण तो तेवढ्याच अंतरावर होता… माझ्या पाठीशी.

चढ संपला. समोर मोकळं दिसलं. फाटकाजवळच्या दगडावर हे बसले होते. आणि त्यांच्या मांडीवर, तोंडावरचा दुपट्टा सोडून, केस विस्कटलेली हर्षा. मला पाहून तिने हात हलवला.

"अवं, किती वेळ?" हे ओरडले. "हाक देऊन सांगतलं न, पोरीले मी उचलतो म्हणून!"

माझ्या पाठीमागे टोक ताणलेलं होतं.

मी वळून पाहिलं नाही. हेच ते. कोणाचं लेकरू चुकलं असेल, भ्यालं असेल, पाणी प्यायलं, आई म्हणालं… मी एकदा वळून पाहायला पाहिजे होतं. मी खांद्यावरून दुपट्टा ओढला, जोरात हिसडा दिला आणि धावले. मागून रडणं आलं नाही. फक्त एकदा, अगदी हळू आवाजात,

"सोडू नको म्हणली होती न…"

फाटकावरच्या चौकीदाराला मी विचारलं, "दादा, आत अजून कोणाचं लेकरू आहे काय?"

"नाय हो ताई. सकाळपासनं तुमीच आत गेलाव." मग माझ्या तोंडाकडे पाहून तो म्हणाला, "असं तोंड बांधून इकडं कोण फिरत नाय."

मी म्हटलं, मला कोणीतरी दिसल्यासारखं वाटलं. भला माणूस, त्याने एकाला किनाऱ्यापर्यंत पाठवलं. तो हात हलवत परत आला. कोणी नाही. पण मी त्यांना एवढंच सांगितलं, दिसल्यासारखं वाटलं. तिने माझं टोक धरलं होतं, मी नेते म्हटलं होतं आणि मीच हिसकून घेतलं, हे नाही सांगितलं. लेकरू होतं की दुसरं काही, दोन्हीकडून मी सुटत नाही.

घरी येऊन सगळे कपडे धुतले. मे महिन्यात वाडीत चादर दोरीवर टाकली की आत येईपर्यंत कडक होते. दुपट्टाही वाळला. एक टोक सोडून. तिथे मुठीएवढी जागा ओलीच आहे. पिळली की पाणी निघतं. सासूबाईंनी जिभेला लावून पाहिलं. "खारट हाय वं. घाम बसला असन," म्हणाल्या आणि पुन्हा धुवायला लावला. मी तीनदा धुतला. मग सोडून दिलं. हो, तोच दुपट्टा बांधते. दुसरा बांधून निघाले होते एकदा, पण दारातूनच परत फिरले. पाय उचलेना.

पहिल्या दिवशी रस्त्यावर मी नेहमीसारखं म्हटलं, "हर्षा, धर."

तिने टोकाकडे हात नेला आणि मागे घेतला.

"हे नाही, आई. हे धरलेलं हाय."

मग तीच दुसऱ्या बाजूला आली आणि खांद्यावरून पुढे लोंबणारं टोक तिने धरलं. तेव्हापासून ते तिचं.

म्हणून मी हळू चालते, इंदूबाई. आज सकाळीही गोदामातून ट्रक उलटा येत होता. हर्षा पुढचं टोक ओढत होती, "आई, चाल न लवकर, ट्रक येऊन राहिला!" मी पाऊल उचललं.

आणि मागचं टोक ताणलं गेलं.