वाळू कोण टाकणार?

शिडीवरून वायरीचं भेंडोळं सुटलं आणि थेट तिच्या खांद्यावर येऊन पडलं.

"नेम चुकला का?" तिनं वर बघून विचारलं.

"नाही... म्हणजे, नेम धरलाच नव्हता." सभागृहाचा साउंडवाला घाईनं उतरू लागला आणि शेवटच्या पायरीवर घसरला. ती हसली नाही. काम करून घ्यायचं असलं की आधी हसायचं नाही, हे ती एव्हाना शिकली होती.

ती गणितात संशोधन करायची, लहरींवर. शनिवारी लोकांसाठी तिचं व्याख्यान होतं. त्यासाठी तिला हवा होता एक मोठा स्पीकर, त्यावर लाकडी चौरस चौकट आणि चौकटीवर ताणून बसवलेलं रबर.

"रबरावर नाचवणार काय?"

"वाळू. सूर लावला की रबर थरथरतं. जिथं थरथरत नाही तिथं वाळू जाऊन बसते, रेषा उमटतात. त्या रेषा मोजायच्या, हा माझा धंदा. माझ्या मागे लोक मला वाळूवाली म्हणतात."

"आणि तोंडावर?"

"तोंडावर म्हणायची कुणाची टाप नाही."

त्यानं तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग उगाचच वायर गुंडाळत बसला.

दुसऱ्या दिवशी चौकट तयार होती. तिनं पट्टी लावली आणि भडकली. "ही एका बाजूनं बोटभर लांब आहे!"

"फळी फार देखणी होती हो, कापवेना. बोटभरानं काय होतंय?"

"सगळं जातंय!" स्पीकरवरच्या धुळीत ती बोटानं आकडे लिहू लागली. "चौरसात एकेक सूर म्हणजे एकेक आकडा. तो आकडा दोन वर्गांची बेरीज असेल तरच लहर उठते. पाच म्हणजे एक अधिक चार. आता सात करून बघा."

त्यानं बोटांवर करून पाहिलं. ओठ हलले. "होत नाही."

"म्हणून साताला चौरस मुका. आणि पासष्ट? एक अधिक चौसष्ट, सोळा अधिक एकोणपन्नास. उलटसुलट धरून चार लहरी, एकाच सुरात! त्या कशाही मिसळा, दर वेळी नवी नक्षी. पण गंमत काय, अशा जोड्या वाढत गेल्या की नक्षी कितीही बदलो, रेषांची एकूण लांबी सरासरीला घट्ट धरून राहते. त्यातला एक अडलेला तुकडा मी सोडवलाय. मी!"

"आणि बोटभर लांब चौकटीत?"

"त्या लहरींचे सूर वेगळे होतात. ज्याची त्याची एकटी लहर."

त्यानं करवत उचलली. "एकटं वाजण्यात मजा नाही," तो फळीकडे बघत म्हणाला... फळीला नव्हतं ते.

चौरस नीट झाला. तिनं आठाचा सूर लावला. वाळू सरसरली आणि मधोमध अधिकचं चिन्ह उमटलं. दोघंही वाकून पाहत होते. केस कुणाच्या कपाळाला लागले ते सांगत बसत नाही.

शनिवारी सभागृह भरलं. पहिल्या रांगेत तिची आई, जन्मभर "जरा कमी बोलत जा गं" म्हणत आलेली. इतक्यात तिचे विभागप्रमुख कडक इस्त्रीत मंचावर आले. "असं करू, तू वाळू टाक, बोलतो मी. लोकांना समजावून सांगायचं म्हणजे अनुभव लागतो."

असली वाक्यं नेहमी गोड आवाजात बोलतात. तिथंच ती सडलेली असतात.

तिची कानशिलं तापली. साउंडवाला कॉलरचा माइक घेऊन आला. माइक एकच होता. त्यानं सरांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मॅडम, माइक कुणाला लावू?"

एवढंच विचारलं. तिच्या वतीनं भांडला नाही, पुढे झाला नाही. तिच्या भांडणात तिची जागा त्यानं घेतली नाही, म्हणूनच तो तिला आवडला.

"मला," ती म्हणाली. "आणि सर, वाळू तुम्ही टाका. मूठ सैल ठेवा, नाहीतर ढीग होतो."

सरांचं हसू थिजलं, पण शेकडो डोळ्यांसमोर डबा घ्यावाच लागला. ती बोलली. मान वर करून, एकदाही न अडखळता. पासष्टाची नक्षी फुलली तेव्हा सभागृहानं श्वास रोखला, आणि त्या शांततेत आई शेजारणीला खणखणीत आवाजात म्हणाली, "माझी मुलगी! लहानपणापासून अशीच बोलते."

सगळे गेल्यावर तो माइक काढायला आला. कॉलरपाशी बोटं घुटमळली.

"उद्या सकाळी... चहाला? सात वाजता?"

"सात नको. साताला लहर उठत नाही."

"मग... आठ?"

आता ती हसली, काम झालं होतं ना. "आठ चालेल. दोनाचा वर्ग अधिक दोनाचा वर्ग. दोघं अगदी सारखे. कुणी कुणाची वाळू टाकायची नाही."

त्यानं यंत्राचं बटण फिरवून आठाचा सूर लावला. विस्कटलेली वाळू सरकत सरकत आली आणि मधोमध अधिक होऊन बसली.

"हे म्हणायचं होतं... परवापासून."

"मग तोंडानं म्हण की! वाळूला कशाला पुढे करतोस?"

तो लाल झाला. म्हणाला एकदाचा.

"ऐकू नाही आलं," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "मागच्या रांगेपर्यंत जाऊ दे."